संमतीपत्र

टक् करून चष्म्याची डबी उघडली आणि स्वयंपाकघरातल्या शांततेत दोन जोड कान टवकारले. एक सुनेचे, दुसरे तिच्या सहा वर्षांच्या चिऊचे. मामंजी पत्र वाचायला बसले होते.

तिचा नवरा दूर एका धरणाच्या कामावर होता, तीन वर्षांत घरी येणं झालं नव्हतं. महिन्याला एक पत्र यायचं, वडिलांच्या नावानं, आणि फोडायचे ते वडीलच. मामंजींनी टपालकचेरीत तीस वर्षं काढलेली. "पाकिटावर ज्याचं नाव, त्याचाच त्याला हात," हा त्यांचा कायदा. वाचून झालं की पत्र पेटीत आणि पेटीची किल्ली कोटाच्या खिशात.

"'तब्येत ठीक आहे. इकडे ऊन फार आहे. काम वाढलंय...'" मामंजी वाचता वाचता नेहमीसारखे अडखळले. चष्मा काढून पुसला. "काय हे अक्षर! कोंबडीचे पाय परवडले." चष्मा परत नाकावर चढला. "'तिचा वर्ग चालू ठेवा. मधेच सोडू देऊ नका.'"

ती खाली मान घालून हसली.

"मला विचाराल तर मला हे मुळीच पसंत नाही," पत्राची घडी घालत मामंजी म्हणाले. "एका पोरीची आई झाल्यावर पाटी-पेन्सिल म्हणजे निव्वळ थेरं. पण पोरगा लिहितोय, म्हातारा काय बोलणार? ती भांडी ठेव तिथंच. मी घासतो."

"असू द्या मामंजी, आल्यावर घासते."

"आणि उशीर झाला म्हणून बाईंनी दारात उभं केलं म्हणजे? नीघ."

सरकारनं बायकांसाठी दुपारचा फुकट वर्ग काढला, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हा ती अंगठा उठवत होती. जाऊ का, असं विचारायचीही तिला छाती झाली नव्हती. मामंजींनीच कुरकुरत मुलाला कळवलं आणि उत्तरात त्याचा होकार आला. त्या दिवसापासून शाळेच्या वाटेवर ती मनातल्या मनात नवऱ्याचे आभार मानायची. दुकानाची पाटी वाचली की त्याचे आभार. नव्या नळावरची सूचना वाचली, बसचा नंबर वाचला, औषधाच्या बाटलीवरचं 'हलवून घ्या' वाचलं, की पुन्हा त्याचेच. असा नवरा किती जणींच्या वाट्याला येतो?

हे सगळं त्याला लिहायचं म्हणून तिनं एकदा सहा ओळींची चिठ्ठी केली. "मामंजी, तुमच्या पाकिटात एवढी घाला ना."

मामंजींनी चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली. "वेलांट्या बघ, सगळ्या आडव्या पडल्यात. हे पाठवलं तर तो म्हणेल, बायको वर्गात झोपा काढते. आधी अक्षर सुधार."

तिनं चिठ्ठी पुन्हा लिहिली. एकदा नाही, चारदा. दर वेळी काही ना काही निघालंच. कधी काना वाकडा, कधी शाई फुटलेली.

मग बाळंतिणींच्या नव्या सरकारी दवाखान्यात जागा निघाली. जन्मलेल्या मुलांची नावं वहीत लिहायची. मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग बापाचं. हा नवा नियम वाचून तिला त्या कामाची ओढच लागली. वर्गातल्या बाई म्हणाल्या, तुलाच घेतील. अट एकच होती, लग्न झालेलीनं नवऱ्याची लेखी संमती आणायची. मुदत शनिवारी दुपारी एकपर्यंत.

मामंजींनी लगेच मुलाला पत्र टाकलं. शनिवार उजाडला तरी उत्तर नव्हतं.

सकाळी मामंजींनी इस्त्रीचा कोट घातला. "माझी सही चालते का बघून येतो. नाही चालली तर तिथल्या कारकुनाचं डोकं खातो. सगळा जन्म कारकुनांतच गेलाय माझा."

"मामंजी, तुम्हाला तर हे पसंत नाही."

"नाहीच," म्हणत ते जिना उतरले.

ते गेले आणि तासाभरात पोस्टमननं पाकीट आणून दिलं. धरणाचा शिक्का. तिनं ते फळीवर ठेवलं. भांड्यांवरून हात फिरवला, परत आली. अकरा वाजून गेले होते. संमती आत आणि दवाखाना तिकडे. मामंजींची वाट बघत बसली तर एक वाजून जाणार.

"चिऊ, पाकीट मी फोडलं तर आजोबा रागावतील का गं?"

"आजोबा कुठं रागावतात? नुसते बोलतात."

तिनं पाकीट फोडलं. वर्गात छापील पुस्तक वाचणं वेगळं, हे कोंबडीचे पाय कसे लागणार याची तिला धास्ती होती. पण कागद उलगडला तर अक्षर कसं मोत्यासारखं. सुटं, सरळ, ठसठशीत. तिला हसू आलं. मामंजींचे डोळे तपासून घ्यायला हवेत. पहिला पगार झाला की आधी तेच.

तिनं चिऊला मांडीवर घेतलं. नवऱ्याचं पत्र ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचणार होती. ओळीखाली बोट ठेवून तिनं मोठ्यानं सुरुवात केली.

"'तीर्थरूप बाबांस नमस्कार. पत्र मिळालं. तिला दवाखान्यात कामाला पाठवू का म्हणून विचारलंत. माझी संमती नाही. दोन वर्षांपूर्वी त्या वर्गाचं विचारलंत, तेव्हाही मी नाही म्हणूनच कळवलं होतं आणि तुम्ही तिचा वर्ग लगेच बंद केलात, याचं मला फार समाधान...'"

बोट तिथंच थांबलं. तिचे डोळे भरून आले आणि उघड्या दाराकडे, जिन्याकडे गेले.

चिऊनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आई, तुझा वर्ग कधी बंद झाला?"