घंटेची पाळी

केंद्रप्रमुखाची बढती घ्यायची की नाही, हे बाईंना संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. त्या गेल्या तर वाडीच्या शाळेत दुसरं कोणी येणार नव्हतं. पाढे म्हणणाऱ्या पोरांकडे बघत त्यांनी साहेबांना फोन केला. "बढती नको मला. इथंच राहते."

फोन ठेवला तोच वैजूची आई दारात आली. "बाई, दाखला द्या. वैजूला मामाकडं शिकायला धाडतेय. बाकीची पोरंबी चालली."

"अगं, मी कुठं जात नाही."

"आता तिकडं नाव घातलं, बाई. तुम्ही साहेबीण होणार म्हणून गावभर झालंय. आम्ही कुणाच्या भरवशावर थांबायचं?"

वैजूने दप्तर उचललं आणि थबकली. "आज घंटा वाजवायची पाळी माझी होती."

शाळा सुटायला बराच अवकाश होता, तरी बाईंनी हातोडी तिच्या हातात दिली.