काटा शून्यावर येईपर्यंत

"आणखी किती वेळ, ताई?" काचेच्या दारापलीकडून त्याने चौथ्यांदा विचारलं. हातातलं हेल्मेट त्याने सकाळपासून खाली ठेवलं नव्हतं.

"दीड तास," प्रयोगशाळेतली हेमांगी म्हणाली.

त्याच्या सतरा दिवसांच्या बाळाची श्वासनलिका दर श्वासाला मिटत होती. तिला आधार द्यायची, बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी समोरच्या पोलादी भांड्यात होती. प्रचंड दाबाखाली धड वायू नाही, धड द्रव नाही अशा झालेल्या कार्बन डायऑक्साइडने नळीत उरलेलं विषारी रसायन धुऊन काढलं होतं. आता फक्त दाब उतरवायचा होता, पण तिळातिळाने. घाई केली तर नळी लाहीसारखी फुलून वाया गेली असती, आणि दुसरी नळी नव्हती.

"उतर रे बाबा, लवकर उतर," ती दाबाच्या काट्याला विनवत होती. व्हॉल्व्हवरची बोटं मात्र तिने आवरून धरली होती.

फोन वाजला. डॉक्टर होते. "मॅडम, बाळ गेलं. वडिलांचा फोन लागत नाही, तुमच्या गेटवर जमा असेल. त्यांना तुम्हीच सांगा."

तिने वळून पाहिलं. काचेला कपाळ टेकवून तो तिच्या हातांकडे बघत होता.

"होतंय ना, ताई?"

तिने कशीबशी होकारार्थी मान हलवली. पुन्हा व्हॉल्व्ह धरला आणि पहिल्याइतक्याच सावकाश फिरवू लागली.

काटा उतरतच होता.

"थांब रे बाबा," ती पुटपुटली, "थांब जरा."