ज्याला हवं त्यानं घ्यावं

“त्यांना सांग, पोहे झालेत,” आई म्हणाली.

‘ते’ त्याच टेबलाशी, हातभर अंतरावर बसले होते.

“मी नाही सांगणार,” विहंग म्हणाला. बॅग दाराशी भरून तयार होती. दुपारच्या गाडीनं तो पुण्याला, नोकरीवर रुजू व्हायला निघाला होता. मग हिंदी मुलखातल्या माधव नगरच्या या घरात उरणार होते अरविंदराव, जयाताई आणि त्यांच्यातला अबोला. अबोल्याचं कारण आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. पण कारण विसरलं म्हणून कोणी तत्त्व सोडतं का? आजवर इकडचं तिकडे विहंग पोचवत आला होता. काही व्यवस्था लावल्याशिवाय गेला असता, तर पुण्यात बसून त्याला फोनवर “बाबा, आई म्हणतेय गॅस बंद करा” करावं लागलं असतं.

व्यवस्था त्याच्या धंद्यातलीच होती.

“पुन्हा एकदा ऐका,” तो म्हणाला. “माझे प्रोग्रॅम एकमेकांना ओळखत नाहीत. एक विंडोजवर, दुसरा लिनक्सवर. बोली वेगळी, घराणं वेगळं. तरी काम अडत नाही. कारण कोणी कोणाला हाक मारत नाही. ज्याच्याकडे जे आहे ते त्यानं मोघम जाहीर करायचं. ज्याला हवं त्यानं घ्यावं.”

“म्हणजे नाव घ्यायचं नाही?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग जमेल. मी तसंही लग्नात एकदाच घेतलं होतं.”

“तिला सांग, प्रयोग करायला माझी ना नाही,” अरविंदराव म्हणाले.

“मोघम, बाबा. मोघम.”

आईनं घसा साफ केला आणि फ्रिजला उद्देशून म्हणाली, “पोहे झालेत.”

अरविंदरावांनी बशी पुढे ओढली. एक घास खाल्ला. मग तेही फ्रिजलाच म्हणाले, “शेव दिसत नाही.”

शेवेचा डबा सरकत त्यांच्यापुढे आला. कोणी सरकवला, हे कोणीच बघितलं नाही.

विहंगचा कुठलाही प्रोग्रॅम आजवर पहिल्या फटक्यात चालला नव्हता. तो चकित होऊन बघत राहिला. फ्रिजला उसंत मिळेना. “गिझर चालू आहे.” “टॉवेल दोरीवर आहे.” “बीपीची गोळी राहिलेली दिसते कोणाची तरी.” “घेतली.” या घरात इतकं बोलणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं, आणि त्यातलं एक वाक्यही त्याला उचलून न्यावं लागलं नव्हतं. आपण खरंच जाणार, हे विहंगला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

फाटकाशी ऑटो आला. ऑटोवाल्यानं बॅग मागे टाकली आणि गाडी चालू केली. विहंग दोघांच्या पाया पडला. आईनं हातावर दही ठेवलं. अरविंदरावांनी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मग रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाला म्हणाले, “थांबलं असतं कोणी, तर बरं झालं असतं.”

आई खांबाकडे बघू लागली. विहंग चपलांकडे.

शेवटी ऑटोवाल्यानंच मान बाहेर काढली. “मेरे को बोल रिये हो क्या, अंकल?”

अरविंदरावांनी त्याला नीट न्याहाळलं. माणूस तिऱ्हाईत होता, कोणाच्याच बाजूचा नव्हता.

“हां, भैया,” ते म्हणाले. “इसको बोलो, गाड़ी परसों भी रहती है.”

“और ये भी पूछो,” आई पदर सावरत पुढे आली, “पूना में इसका है कौन?”

ऑटोवाला मागे वळला. विहंगचा एक पाय ऑटोत होता, एक रस्त्यावर.

“भिया, पापाजी बोल रिये हैं, गाड़ी परसों भी है. और मम्मीजी पूछ री हैं, पूना में आपका है कौन?”

तिघं त्याच्याकडे बघत होते.

“उनको बोलो...” विहंग ऑटोवाल्याला म्हणाला.

नीट ऐकू यावं म्हणून ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं.