उभं राहायची वेळ

“तिसऱ्या मिनिटाला ती पाणी पिईल,” वासुदेवसर म्हणाले. “ग्लास ओठाला लागला की तू उभी राहा.”

श्रियाने वहीत लिहून घेतलं. वादविवादात समोरचा बोलत असताना उभं राहून त्याला प्रश्न विचारता येतो. गेल्या वर्षी श्रिया नेमकी नको तेव्हा उभी राहायची. दोन स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाद झाली. म्हणून आईने तिला खालच्या मजल्यावर सरांकडे पाठवलं. सर निवृत्त ग्रंथपाल, मुलाकडे इथे आखातात, उम्म अल कुवैनला राहायला आलेले. “मला कुठे काय येतं,” असं म्हणत म्हणतच शिकवायचे.

“आणि समारोपाआधी पेन खाली ठेवायचं,” ते म्हणाले. “रोज कर. हाताला सवय लागली पाहिजे.”

शारजाच्या फेरीत समोरच्या सुरैय्याने तिसऱ्या मिनिटाला ग्लास उचलला. श्रिया उभी राहिली. सुरैय्याला ठसका लागला आणि पुढचा मुद्दा काही आठवेना.

उपांत्य फेरीतला मुलगा आकडा सांगण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघेल, असं सरांनी सांगितलं होतं. त्याने बघितलं.

“ज्योतिषी आहेत की काय हे?” आईने विचारलं.

“मॉम, ही वॉचेस व्हिडिओज. शाळा स्पर्धांचे अपलोड करतात ना.”

“मग एखाद्या स्पर्धेला का येत नाहीत? इतकं शिकवतात, पण तुला स्टेजवर कधी बघितलंसुद्धा नाही.”

“ही इज शाय, मॉम. खलास, विषय संपला.”

अंतिम फेरी खोर फक्कानला होती. या स्पर्धांतून निवडायच्या संघात एकच जागा उरली होती आणि पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा. श्रियाला दुसरी संधी नव्हती. समोर मुसफ्फाच्या शाळेतला वेदांग होता.

“सर, त्याचा एकही व्हिडिओ नाही. ही इज न्यू. यंदाच सुरुवात केलीय.”

सर खिडकीतून खाडीकडे बघत होते.

“शेवटच्या मुद्द्याआधी तो डोळे मिटेल.”

“पण तुम्हाला कसं माहीत?”

“मिटेल गं,” ते हळूच म्हणाले.

वेदांग छान बोलला. इतका छान, की दुसऱ्या रांगेत बसलेल्या आईने ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. सहावं मिनिट संपत आलं. वेदांग थांबला आणि त्याने डोळे मिटले.

 श्रिया उभी राहिली.

त्याने डोळे उघडले तेव्हा ती समोर उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग कागदाकडे. वेळ संपल्याची घंटा वाजली, तरी त्याला शब्द सापडला नव्हता.

निकालानंतर बाबा गाडी काढायला गेले. “यल्ला, लवकर या,” म्हणाले. श्रिया ट्रॉफी घेऊन निघाली, तर कॉरिडॉरच्या टोकाला वेदांग एकटाच बसलेला. डोळे लाल. तिला राहवेना.

“तू माझ्यापेक्षा छान बोललास. खरंच. फक्त ती डोळे मिटायची सवय सोड. तिथेच अडकलास.”

“सवय नव्हतीच मला,” वेदांग म्हणाला. “वासुदेवसरांनी लावली. महिनाभर रोज फोनवर करून घेतलं.”