पासष्टाव्या पानापासून

लियाकत कंपोझिटर पासष्टाव्या पानाचे जुळवलेले अक्षरांचे खिळे दोऱ्यानं बांधत होता, तेव्हा सांगलीच्या त्या छापखान्याच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. मी सयाजी गोरडचा बाप, नाथाजी, आटपाडीहून आलोय, असं त्यानं सांगितलं.

लियाकतनं स्टूल पुढं केलं. सयाजीला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. फौजेतून टपालानं प्रुफं तपासून पाठवणारा, एवढीच ओळख. 'मेंढरांची दुखणी' या त्याच्या पुस्तकाची चौसष्ट पानं छापून झाली होती. बाकीची तपासलेली प्रुफं नोव्हेंबरात आली. पाठोपाठ लढाई लागली.

नाथाजीनं सगळं एका सपाट आवाजात सांगितलं. तार कधी आली, सयाजी कुठं पडला, त्याची पेटी कोण घेऊन आलं. त्याच आवाजात विचारलं, नाव प्रत्येक पानावर येतं का. लियाकतनं छापलेली पानं दाखवली. डाव्या पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव, उजव्याच्या माथ्यावर लेखकाचं.

"हितनं म्होरं नावाआदी कै. लावा," नाथाजी म्हणाला. "मीबी फौजेत हुतो. नोंद बराबर पायजे."

लियाकतनं दोरा सोडला. नावाच्या दोन्ही बाजूंचे कोरे खिळे थोडे काढले, 'कै' आणि टिंब बसवलं, ओळ पुन्हा मधोमध आणली. पासष्ट. सदुसष्ट. एकोणसत्तर. म्हातारा प्रत्येक पान बघत राहिला. चेहऱ्यावर काही हललं नाही. छापून झालेल्या पानांचं काय करायचं म्हटल्यावर, ती छापली तेव्हा तो होता ना, मग राहू देत तशीच, म्हणाला.

लियाकतला एक विचारायचं होतं. पुस्तकाच्या नावाचं पान आकडे घातलेल्या पानांच्या आधी येतं, पण जुळवतात सगळ्यात शेवटी. ते अजून व्हायचं होतं. त्यावरही कै. घालायचं ना?

नाथाजीनं पटका काढून मांडीवर ठेवला.

"तितं नुसतं नाव ठेवा," तो म्हणाला. "त्येच्या आईला वाचाय येत न्हाई. मागल्या रजेत त्येनं तिला त्येचं नाव तेवढं वळखाय शिकिवलंय. आदी आनी कायबी दिसलं, तर ती म्हनंल, ह्यो आपला न्हवं."