विहिरीतली चांदी

शालनला बघायला चऱ्होलीहून पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी, नानासाहेबांनी, एक चकाकता दगड पुढं ठेवला. "आमच्या विहिरीत चांदी लागलीय!"

पुण्याला भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या शालननं दगडावर नख ओढलं. ओरखडा उठला. कागदावर घासला, तर करडी रेघ उमटली.

"चांदी इतकी मऊ नसते. हे बिस्मथचं दुर्मिळ खनिज आहे, टेट्राडायमाइट. पण आपल्या काळ्या कातळात ते मिळत नाही."

नानासाहेब भडकले. "म्हंजे आमी खोटं बोलतो?"

"व्हय, दादा," शेजारी बसलेला त्यांचा मुलगा उद्धव म्हणाला. "तुमी त्यो मुंबईहून आणलाय."

शालनचे वडील पाहुण्यांना बाहेरची वाट दाखवायला ताडकन उठले.

"आबा, बसा," शालन म्हणाली. "मला मुलगा पसंत आहे."