समुद्र दाखवणारा चष्मा

व्हीआर चष्मा परत न्यायला कंपनीचा माणूस आला. महिनाभर फुकट वापरून झाला होता, आता मत द्यायचं होतं.

“आमच्या बाबांना तर रोज घरबसल्या काशी!” शैलजाचा नवरा फुशारून म्हणाला. सासूबाईंनीही स्वित्झर्लंड पालथं घातलं होतं.

“आणि वहिनी, तुम्हाला? जड वाटला? चक्कर आली?” त्या माणसाने विचारलं.

शैलजाच्या वाट्याला चष्मा एकदाच आला होता. समोर समुद्र पसरला, लाट पायाशी आली, आणि तिघांनी तीन बाजूंनी तिला हलवलं: दूध, इस्त्री, मोबाइलचा चार्जर. डोळे झाकून बसलेली सून घरात कुणाला सोसलीच नाही.

“सांगा ना, हा चष्मा घरोघरी जायला काय हवं?”

“आतून लावायला कडी,” ती म्हणाली.

घरचे खो खो हसले. ती हसली नाही, म्हणून त्या माणसाने लिहून घेतलं.